गुच्छी ओळखायची कशी, आणि ओळख पटल्यावरही ती कच्ची का खायची नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीर किंवा कुलू-मनालीला जाऊन आलेल्या कुटुंबांच्या सामानात अक्रोड आणि केशराबरोबर हल्ली एक छोटं पाकीटही असतं. त्यात सुरकुतलेल्या, तपकिरी-काळ्या, जाळीदार अळंब्या असतात. ही गुच्छी. हिमालयात बर्फ वितळल्यावर, साधारण मार्च ते मे या काळात ती देवदार आणि कैलच्या जंगलात आपोआप उगवते. गावातले लोक ती वेचतात, दोऱ्यात ओवून वाळवतात आणि व्यापाऱ्याला विकतात. भाव किलोला हजारो रुपये असतो, त्यामुळे भेट म्हणून आलेली मूठभर गुच्छीसुद्धा कोणी टाकून देत नाही. अमेरिकेत मिशिगन, इलिनॉय, विस्कॉन्सिन अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांत हीच अळंबी ‘मोरेल’ या नावाने ओळखीची आहे. तिथे एप्रिल-मे महिन्यांत शेजारीपाजारी ती शोधायला रानात जातात आणि आपली मुलं-सुनाही त्यांच्याबरोबर निघतात. शास्त्रीय नाव मॉर्चेला. तिच्या अनेक जाती आहेत, पण घरगुती वापरापुरतं त्यांना एकच समजायला हरकत नाही.

या अळंबीबद्दल रुग्ण आणि नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. ही खरी गुच्छीच आहे ना? आणि खाल्ली तर काही होणार नाही ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं बहुतेकजण धरून चालतात. हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. म्हणून आधी ओळख पाहू आणि मग स्वयंपाकाकडे वळू.

खरी गुच्छी कशी दिसते?

नेहमीच्या बटण मशरूमसारखी छत्री आणि छत्रीखाली पातळ पात्या, अशी गुच्छीची रचना नसते. तिचं डोकं लांबट किंवा शंकूसारखं असतं आणि त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खड्डे असतात. खड्ड्यांच्या कडा उंच असतात. नीट पाहा: हे खरोखर खळगे असतात, प्रत्येक खळग्याला सगळ्या बाजूंनी कड असते. रंग पिवळसर, तपकिरी, राखाडी किंवा जवळजवळ काळा, कसाही असू शकतो. रंगावरून खरं-खोटं ठरवू नका. देठ पांढरट किंवा मलईच्या रंगाचा आणि थोडा ठिसूळ असतो.

सर्वांत भरवशाची खूण मात्र बाहेरून दिसत नाही. अळंबी शेंड्यापासून देठाच्या टोकापर्यंत उभी चिरा. खरी गुच्छी आतून पूर्ण पोकळ असते. डोक्यातली पोकळी आणि देठातली पोकळी सलग, मध्ये पडदा नाही, कापसासारखं काही भरलेलं नाही, चुलीच्या फुंकणीत आरपार दिसावं तसं. त्याच वेळी डोकं देठाला कुठे जोडलं आहे हेही पाहा. खऱ्या गुच्छीत डोक्याची खालची कड देठालाच चिकटलेली असते, झालरीसारखी सुटी लोंबत नाही. डोकं अर्धंच जोडलेली मॉर्चेलाची एक जातही आहे आणि ती खातात, पण नवख्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. अर्धवट जुळणारी अळंबी टोपलीत घेतली की पुढची चूक सोपी होते.

चिरण्याची ही कसोटी प्रत्येक अळंबीला लावायची असते. वरच्या दोन-तीन चिरून पाहिल्या आणि बाकीच्या तशाच पातेल्यात टाकल्या, हे चालणार नाही. एकाच जागेवर, एकाच आठवड्यात खरी आणि फसवी अळंबी शेजारी-शेजारी उगवू शकते.

फसवी गुच्छी

सगळ्यांत धोकादायक सोंग गायरोमित्रा या वंशातल्या अळंब्यांचं. इंग्रजीत यांना ‘फॉल्स मोरेल’ म्हणतात. त्या उत्तर अमेरिका आणि युरोपमध्ये वसंतातच उगवतात. हिमालयाच्या पट्ट्यातही त्यांची नोंद आहे. गायरोमित्राच्या डोक्यावर खळगे नसतात, वळ्या असतात. अक्रोडाचा गर किंवा मेंदूचं चित्र डोळ्यांसमोर आणा, तसं ते दिसतं. रंग बहुधा लालसर तपकिरी. आकार ओबडधोबड, एका बाजूला कललेला. उभी चिरली तर आत सलग पोकळीऐवजी वेडेवाकडे कप्पे किंवा पांढरट भरीव भाग दिसतो.

दुसरी नक्कल व्हर्पा. हिचं डोकं देठाच्या फक्त टोकाला जोडलेलं असतं आणि बाकी सगळं सुटं असतं, बोटावर टोपी अडकवावी तसं. देठात बऱ्याचदा कापसासारखे तंतू भरलेले असतात. काहीजण ती खातात, पण भरपूर खाल्ल्यास किंवा नीट शिजवली नाही तर पोट बिघडतं आणि चालताना तोल जातो, अशा नोंदी आहेत. आमचा सल्ला साधा आहे: व्हर्पा असेल तर सोडून द्या.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे रानअळंबीचा हंगाम पावसाळ्यात येतो. जून ते ऑगस्टमध्ये वारुळांवर उगवणारी अळंबी कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. गुच्छी मात्र थंड प्रदेशातली, बर्फानंतरच्या वसंतातली. त्यामुळे पावसाळ्यात बागेत, बांबूच्या बेटाखाली किंवा पालापाचोळ्यात ‘गुच्छीसारखं जाळीदार’ काही दिसलं, तर ती बहुधा फॅलस वंशातली दुर्गंधी अळंबी असते. तिच्याही डोक्यावर खळगे असतात आणि देठही पोकळ असतो, म्हणून फसगत होते. पण तिच्या बुडाशी फुटलेल्या अंड्यासारखी पिशवी असते, डोक्यावर हिरवट-काळपट चिकट लेप असतो, माश्या घोंगावत असतात आणि सडक्या मांसासारखा वास येतो. अशी अळंबी घरात आणूच नका.

नाणं, लसूण आणि फोनवरचा फोटो

चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे अळंबी चांगली, लसणाच्या पाकळ्या काळ्या झाल्या नाहीत म्हणजे चांगली, किडे-मुंग्यांनी कुरतडली म्हणजे माणसालाही चालेल: या सगळ्या समजुती आजही ऐकू येतात. यांतली एकही खरी नाही. अळंबीतल्या विषांचा चांदीशी किंवा लसणाशी काहीही संबंध नाही. गोगलगायी आणि किडे माणसाला मारणारी अळंबीसुद्धा आरामात खातात. वास आणि चवीचंही तेच. अतिशय विषारी अळंबी खाऊन वाचलेल्या काही लोकांनी ती चवीला छान होती असं सांगितलं आहे.

फोटो पाठवून किंवा मोबाइलच्या ॲपवरून खात्री करून घेण्याची सवय अलीकडे वाढली आहे. फोटोत अळंबीचा आतला भाग, देठाचं बूड, वास, उगवण्याची जागा यांपैकी काहीच दिसत नाही. डॉक्टरांनाही असे फोटो येतात. अळंबीशास्त्र हा आमचा विषय नाही आणि फोटो पाहून ‘खा’ असं सांगणं कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही. परदेशात वेचायला जात असाल तर तिथल्या अळंबी मंडळाबरोबर जा. अनेक शहरांत अशी मंडळं आहेत आणि अनुभवी माणसं टोपली प्रत्यक्ष तपासून देतात. जागाही पाहा. जुन्या सफरचंदाच्या बागांत अमेरिकेत पूर्वी शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक फवारलं जात असे. तो अंश मातीत अजून आहे आणि मोरेल तो शोषून घेते. अळंबी अस्सल असली तरी अशा जागेवरची नको.

खोट्या गुच्छीचं विष शरीरात काय करतं?

गायरोमित्रामध्ये गायरोमित्रिन नावाचं रसायन असतं. पोटात गेल्यावर त्यापासून मोनोमिथाइल हायड्रॅझिन तयार होतं. हेच रसायन रॉकेटचं इंधन म्हणूनही वापरलं जातं. शरीरात ते जीवनसत्त्व बी-६ निकामी करतं. मेंदूला शांत ठेवणारं गाबा हे द्रव्य बनवण्यासाठी बी-६ लागतं. ते मिळालं नाही की मेंदू अनावर होतो आणि फिट्स येतात. यकृतालाही इजा होते आणि काहींच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

टीबीचे उपचार घेतलेल्या घरांना यातला एक धागा ओळखीचा वाटेल. टीबीवरचं आयसोनियाझिड हे औषधही बी-६ कमी करतं, म्हणूनच त्याच्याबरोबर बी-६ ची गोळी दिली जाते. आयसोनियाझिड शरीराबाहेर टाकण्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. कुणाचं शरीर ते लवकर निकामी करतं, कुणाचं सावकाश. गायरोमित्राच्या विषाबाबतही असाच फरक पडत असावा, असं मानलं जातं. एकाच ताटातलं जेवून घरातल्या एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला रुग्णालयात न्यावं लागतं, याचं हे एक कारण असू शकतं. ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्ली’ हा दाखला म्हणूनच कामाचा नाही.

फिनलंडमध्ये ही अळंबी बाजारात विकली जाते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण तिथे विकताना ती विषारी असल्याची सूचना आणि हाताळण्याच्या सूचना द्याव्या लागतात. भरपूर पाण्यात दोनदा उकळायची, दोन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचं आणि दर वेळी धुवायची. उकळताना निघणारी वाफही हुंगायची नाही, कारण हे विष वाफेबरोबर उडतं. एवढं करूनही थोडा अंश उरतो, म्हणून गर्भवती आणि मुलांना ती देत नाहीत. आपल्याकडे हा प्रयोग करण्याची काहीच गरज नाही.

अस्सल गुच्छीसुद्धा कच्ची नको

आता दुसरा प्रश्न. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका रेस्टॉरंटमध्ये मोरेल खाल्ल्यानंतर ५१ जण आजारी पडले आणि त्यांतले दोघे दगावले. तपासात त्या अळंब्या खोट्या निघाल्या नाहीत. त्या चीनमध्ये शेतात लावलेल्या, खाण्यायोग्य जातीच्या मोरेलच होत्या. फरक स्वयंपाकात होता. एका पदार्थात त्यांच्यावर गरम मिश्रण ओतून मुरवल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी त्या कच्च्याच वाढल्या होत्या. जितकी जास्त खाल्ली तितका त्रास जास्त, असंही दिसून आलं.

कच्च्या गुच्छीतला घातक घटक नेमका कोणता, हे विज्ञानाला अजून पक्कं सांगता आलेलं नाही. नीट शिजवल्यावर धोका खूप कमी होतो, एवढं मात्र स्पष्ट आहे. शेतात लावलेल्या गुच्छीमुळे ओळखीतली चूक टळते, शिजवण्यातली टळत नाही. भारतातही सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाने गुच्छीच्या लागवडीत यश मिळवलं आहे. उद्या ती ताजी बाजारात आली तर बटण मशरूमसारखी सॅलडमध्ये चिरून घालण्याचा मोह होईल. तो टाळा.

शिजवलेल्या गुच्छीनेही क्वचित त्रास होतो. फ्रान्समधल्या विषबाधा केंद्रांनी अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा काहीजणांमध्ये एक ठरावीक चित्र दिसलं. जेवणानंतर काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुमारास, चक्कर, तोल जाणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अस्पष्ट दिसणं. असं बहुधा खूप जास्त खाल्ल्यावर होतं आणि साधारण दिवसभरात आपोआप ओसरतं. तरीही वयस्कर माणसाला अचानक तोल गेल्यासारखं वाटलं तर तो पक्षाघातही असू शकतो. ‘काल गुच्छी खाल्ली म्हणून असेल’ असं म्हणून घरी थांबू नका, तपासून घ्या. गुच्छीबरोबर मद्य घेतल्यास काहींना उलट्या होतात, तेव्हा तेही टाळलेलं बरं.

घरी शिजवताना

सुकी गुच्छी विकत घेताना अख्खी घ्या. तुकडे किंवा पूड घेतली तर ती काय आहे हे तपासण्याचा मार्गच उरत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, फुगली की प्रत्येक उभी चिरा आणि आतली पोकळी पाहा. खळग्यांत माती, वाळू, कधी किडेही असतात, तेव्हा वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. भिजवलेलं पाणी सुगंधी लागतं म्हणून अनेक पाककृतींत ते रश्शात घालतात. आमच्या मते ते फेकून द्यावं, एवढ्याशा चवीसाठी जोखीम नको.

मग उकळत्या पाण्यात १५ मिनिटं किंवा झाकण ठेवून कढईत २० ते ३० मिनिटं शिजवा. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतणं किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवणं पुरेसं नाही. पुलाव करायचा असेल तर गुच्छी आधी वेगळी शिजवून घ्या आणि मग तांदळात घाला, म्हणजे भात झाला पण गुच्छी कचरट राहिली असं होणार नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-तीन तुकड्यांवर थांबावं. लहान मुलं, गर्भवती, यकृताचा आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना रानात वेचलेली अळंबी देऊच नये. आणि शिजवण्याआधी एक-दोन अळंब्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. त्रास झाला तर ओळख पटवायला त्याच लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या लवकर कुजतात.

गुच्छीने मधुमेह बरा होतो का, हृदयाला बळ मिळतं का, हेही विचारलं जातं. ती चवदार आहे, महाग आहे, आणि आपण ती वर्षातून एक-दोनदा मूठभर खातो. एवढ्याने आजारात फरक पडत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने नीट शिजवलेली थोडी गुच्छी खायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर गोळी चुकवू नये.

त्रास झाला तर

अळंबी खाल्ल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे आम्हाला सगळ्यांत आधी कळायला हवं असतं. दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा पोटापुरताच प्रश्न असतो. सहा तासांनंतर सुरू झाले तर काळजी जास्त, कारण यकृतावर हल्ला करणारी विषं उशिरा लक्षणं दाखवतात. पण हा नियम डोळे झाकून वापरू नका. एकाच जेवणात दोन प्रकारच्या अळंब्या असल्या तर लवकर सुरू झालेल्या उलट्यांमागे उशिराचं विष दडलेलं असू शकतं.

आणखी एक फसवी अवस्था आहे. अमानिटा वंशातल्या काही अळंब्यांच्या विषबाधेत दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब थांबतात, रुग्ण उठून बसतो, चहा मागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. याच काळात आत यकृत बिघडत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, गुंगी दिसू लागते. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर रुग्णालयातून घरी जाण्याचा हट्ट धरू नका. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या डॉक्टर पुन्हा पुन्हा करतात, त्या याचसाठी.

घरी मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. तूप, दूध, ताक यांनी विष उतरत नाही. जुलाब थांबवण्याची गोळी स्वतःहून देऊ नका. रुग्ण शुद्धीत असेल आणि पाणी पोटात राहत असेल तर ओआरएसचे घोट द्यायला हरकत नाही, पण रुग्णालयात जायला त्यासाठी उशीर नको. फिट आली, बोलणं असंबद्ध झालं, डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली तर लगेच १०८ ला फोन करा.

निघताना उरलेली अळंबी, तिचं पाकीट आणि शक्य असेल तर उलटीचा नमुना बरोबर घ्या. किती वाजता खाल्ली, पहिला त्रास किती वाजता झाला, कच्ची होती की शिजवलेली, किती खाल्ली, बरोबर मद्य घेतलं का आणि त्या ताटातून आणखी कोण जेवलं, हे कागदावर लिहून न्या. जेवलेल्या बाकीच्यांना अजून काही झालं नसेल तरी त्यांनाही तपासून घ्या. गुच्छीसारखी दिसणारी अळंबी खाल्ली होती हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गायरोमित्रामुळे येणाऱ्या फिट्सवर शिरेतून बी-६ द्यावं लागतं, आणि कारण ठाऊक नसेल तर ते कोणाला सुचेलच असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो चोवीस तास सुरू असतो आणि नातेवाइकांप्रमाणे तुमचे डॉक्टरही त्यावर सल्ला घेऊ शकतात. अमेरिकेत असाल तर १-८००-२२२-१२२२.